पाहुण्यांच्या भिंतीवरचा फोटो

मी, धम्मानंद जोसेफ ओटिएनो, वय सत्तेचाळीस, धंदा पूर्वी फुटबॉल खेळणे व आता शिकवणे, धर्म बौद्ध, राष्ट्रीयत्व भारतीय (हा शब्द मी मुद्दाम दोनदा गिरवला आहे), जन्म नागपूर, राहणार इंदोरा, नागपूर, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती हवी त्यापेक्षा चांगली आहे, आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने, दाबाने किंवा भिडेने लिहीत नाही. धाक घालणारी एक व्यक्ती घरात आहे, पण ती सध्या स्वयंपाकघरात आहे आणि मी आडवा पडलो आहे असा तिचा समज आहे.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं की सोमवारी धंतोलीतल्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आमचं रोजचं काम आहे. त्यांचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे. त्यांनी धावणं बंद केलं, जिना बंद केला, आता भराभर चालायलाही मनाई आहे. ज्या माणसाने आयुष्यभर धावण्याचेच पैसे घेतले त्याला पलंगावर बसून राहा म्हणणं म्हणजे काय असतं हे त्यांना कळणार नाही. माझे पाय बसल्या जागी शिवशिवतात. म्हणून दर कलम लिहून झालं की मी उठून दारापर्यंत जातो आणि परत येतो. अक्षर जागोजागी बदललेलं दिसेल ते त्यामुळे. बुद्धिभ्रंश समजू नये.

कलम १. इंदोऱ्यातलं राहतं घर. खालच्या दोन खोल्या माझी दिवंगत आई, कुसुमताई रामटेके, हिने सरकारी दवाखान्यात सिस्टरची नोकरी करून बांधल्या. वरची खोली मी गोव्यात खेळत असताना चढवली. हे घर माझ्या पश्चात माझी पत्नी प्रेमिला हिचं, आणि तिच्यानंतर आमची मुलगी रोशनी हिचं. दारावरची पाटी काढू नये. तिच्यावर आईचं नाव वर आणि माझं खाली आहे. नवखे लोक ती वाचून "इथं कोण फॉरेनर राहते जी?" असं विचारतात. त्यांना घरात बसवून चहा द्यावा आणि मग सांगावं. वरच्या खोलीचं छत गळतं. ते मी दर पावसाळ्याआधी करतो करतो म्हणत राहिलो, आता प्रेमिलाने माझी वाट न पाहता करून घ्यावं.

कलम २. बँकेत जे काही आहे ते प्रेमिलाचं. तिला त्याचा हिशेब माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून इथे लिहीत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. घरात दुसरं कोणी काही अंमलात आणतं असं माझ्या पाहण्यात नाही.

कलम ३. माझ्या वडिलांचे बूट रोशनीला. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आईच्या पांढऱ्या साडीत गुंडाळून ठेवले आहेत.

माझे वडील जोसेफ ओटिएनो हे केनियातल्या किसुमू गावाहून नागपुरात शेतकी शिकायला आले. तेव्हा आफ्रिकेतली बरीच मुलं इथे शिकायला असत. कॉलेजच्या संघात ते सेंटर फॉरवर्ड होते. एका मॅचमध्ये त्यांच्या पायाचा अंगठा फुटला, ते टाके घालायला सरकारी दवाखान्यात गेले, आणि टाके घालणारी सिस्टर म्हणजे माझी आई. टाके निघाले, जखम भरली, तरी हा माणूस ड्रेसिंगला येतच राहिला. घरात बोलणी झाली तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी माझ्या आजोबांचे कान भरले. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. ते एवढंच म्हणाले, "आपण जात सोडली ते काय आता रंग पाहाले सोडली का?" आणि लग्न लावून दिलं. माझं नाव आजोबांनी ठेवलं, आडनाव वडिलांचं आलं. शाळेत हजेरी घेताना मास्तर माझ्या नावाशी अडखळायचे, मान वर करून पाहायचे आणि हजेरी मांडायचे. मला तोंड उघडायची गरजच पडत नसे.

मी पाच वर्षांचा असताना वडील नोकरीसाठी परत गेले. त्यांनी आम्हाला बोलावलं. आईची नोकरी पक्की होती, आजी अंथरुणाला खिळलेली होती. आई गेली नाही, ते परत आले नाहीत. त्या दोघांनी एकमेकांवर राग धरला नाही. मी मात्र दोघांच्या वाटचा धरून बसलो, आणि तो बराचसा चेंडूवर काढला. बूट इथेच राहिले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी घर झाडायला काढलं की आई त्यांना खोबरेल तेल लावायची. मी पहिल्यांदा ते घातले तेव्हा आत मोज्यांच्या दोन जोड्या आणि पुढे कापूस घालावा लागला. रोशनीच्या पायाला ते आत्ताच बरोबर बसतात. पोरगी आजोबांवर गेली आहे. तिने ते घालून खेळू नये, चामडं संपलं आहे. आणि खोबरेल लावू नये, उंदीर येतात.

कलम ४. किसुमूजवळच्या जमिनीतला माझा हिस्सा. वडील वारल्यानंतर काकांच्या बोलावण्यावरून मी एकदाच तिकडे गेलो. सावत्र भाऊ मायाळू निघाले. त्यांनी शेत दाखवलं आणि म्हणाले, यात तुझाही वाटा आहे. तो वाटा मी त्यांनाच सोडतो. जी जमीन कसायला मी कधी वाकलो नाही तिच्यावर माझा हक्क नाही. पण त्या गावाने मला दिलेली एक गोष्ट मी ठेवून घेतो. मी रस्त्याने निघालो की पोरं मागे धावत ओरडायची, "मुहिंदी! मुहिंदी!" भावाला अर्थ विचारला तर तो शरमून म्हणाला, "माफ कर, ते तुला भारतीय म्हणतात." मी त्या पोरांना दुकानातून गोळ्या घेऊन वाटल्या. इंदोऱ्यात जन्मलो, मराठी शाळेत शिकलो, आणि हा शब्द ऐकायला मला समुद्र ओलांडावा लागला.

(इथे मी उठून दारापर्यंत गेलो होतो. प्रेमिलाने पाहिलं. "बसून राहा म्हटलं न डॉक्टरनं? काहून येरझाऱ्या घालून राहिले तुम्ही?" बसलो.)

कलम ५. माझे सर्व पासपोर्ट, जुने आणि चालू, रोशनीला. ते रद्दीत देऊ नयेत.

कोलकात्याच्या एका क्लबने मला उचललं आणि तिथून मी गोव्यात गेलो. फुटबॉलवर पोट भरणारा आमच्या गल्लीतला मी पहिलाच. व्यावसायिक संघात परदेशी खेळाडू किती घ्यायचे याला मर्यादा असते. मी मैदानात उतरलो की समोरच्या संघाचा मॅनेजर हात वर करायचा, यांच्याकडे एक परदेशी जास्त आहे. मग आमचा मॅनेजर माझा पासपोर्ट काढायचा. काही पंच तो उन्हात धरून पाहायचे, मोठी नोट पाहतात तसा. मी मध्यावर उभा राहून पायांनी जागच्या जागी टप टप करत असायचो. एकदा एका पंचाने विचारलं, "राष्ट्रगीत येतं का?" मी म्हटलं, पूर्ण येतं, पण खेळ सुरू करा, नाहीतर उन्हात ताठ उभं राहून दोघांनाही ते म्हणावं लागेल. पिवळं कार्ड मिळालं. सामना सुरू होण्याआधी कार्ड मिळवणारा दुसरा कोणी मला माहीत नाही.

देशाच्या संघाच्या सराव शिबिराला माझं बोलावणं आलं. दुसऱ्या आठवड्यात, समोर कोणी नसताना, वळताना गुडघ्यातली शीर तुटली. त्यात कोणाचा दोष नाही, मी शोधून पाहिला. बरा होत होतो तेव्हा काकांचा फोन आला की केनियाचे कोच तुला बघायला तयार आहेत. पण तिकडून खेळायचं तर तिकडचा पासपोर्ट घ्यायचा, आणि आपल्या कायद्यात दोन ठेवता येत नाहीत, इकडचा परत करायचा. आई म्हणाली, "जा रे धम्मा. बापाचं गाव हाय ते. माझी काळजी नको करू." मी गेलो नाही. लोक म्हणाले, संधी दवडली, लक्ष्मी आली टिळा लावायला आणि हा तोंड धुवायला गेला. असेल. पण ज्या पासपोर्टासाठी मी मैदानामैदानावर तोंड वाजवलं होतं तो स्वतःच्या हाताने परत करायचा म्हणजे माझे पहिले गुरू मनोहरराव यांचं खोटं (ते कलम ६ मध्ये येईल) मीच खरं करायचं. ते मला जमलं नसतं. म्हणून दोन्ही देशांच्या जर्सी मी टीव्हीवरच पाहिल्या. पाहताना अजूनही माझा उजवा पाय टेबलाखाली हलतो.

कलम ६. मनोहरराव भुसारी यांच्याबद्दल. हे कलम लांबणार.

मनोहररावांचं गांधीबागेत कापडाचं दुकान, आणि सक्करदऱ्याला त्यांनी स्वतः उभं केलेलं अरुणोदय फुटबॉल मंडळ. आईने मला पहिल्यांदा त्यांच्याकडे नेलं तेव्हा माझ्या ओठावर मिसरूडही नव्हतं. त्यांनी माझे पाय पाहिले, चेहरा पाहिलाच नाही. सकाळच्या सरावानंतर त्यांच्या घरी भाकर आणि झुणका खाऊन मी मोठा झालो. पाय मोडला तेव्हा रिक्षात मला मांडीवर घेऊन बसले. हे सगळं खरं आहे आणि त्याच्यावर मी पाणी फिरवणार नाही. आता दुसरं.

हिवाळ्यात विदर्भात गावोगाव बाद फेरीच्या स्पर्धा होतात. संघांना बाहेरून परदेशी खेळाडू आणायची मुभा असते आणि गर्दी त्यांनाच बघायला येते. सत्त्याण्णव साली मी एकोणीस वर्षांचा होतो. एका संध्याकाळी मनोहररावांनी मला बाजूला घेतलं.

"धम्मा, उद्यापासून तू नायजेरियाचा."

"काका, माझे वडील केनियाचे हायेत."

"केनिया कोणाले माहीत हाय बे? नायजेरिया म्हटलं का पब्लिक येते. नाव जोजो. आन् ऐक, मैदानात मराठीचा एक शब्द काढला तर टांग तोडीन."

गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांकडून त्यांनी नायजेरियन खेळाडूच्या विमानाच्या तिकिटासाठी वर्गणी जमवली. नायजेरियन खेळाडू इंदोऱ्याहून सिटी बसने आला, उभ्याने. लाउडस्पीकरवर माझ्या नव्या नावाची ओरड सुरू होती आणि मला तहान लागली तरी पाणी मागता येत नव्हतं. हाताने खुणा करायचो तर पोरं हसायची. आई स्टँडच्या कोपऱ्यात बसायची, पदराने तोंड झाकून. ती हसते की रडते हे मला तेव्हाही कळलं नाही.

पण त्या मुकेपणाचा एक फायदा होता. समोरचे खेळाडू सगळे बेत माझ्यासमोरच करायचे, मोठमोठ्याने, मराठीत. "हा डाव्या पायानं मारते, उजवीकडं ढकला याले." मी मुकाट्याने उजव्या पायाने मारायचो. नायजेरियन माणसाची अक्कल पाहून लोक थक्क व्हायचे.

फायनल चंद्रपूरच्या संघाशी होती. त्यांचा बचाव सांभाळणारा स्टॉपर चंद्रभान मडावी, कोळशाच्या खाणीत काम करणारा, दरवाजासारखा माणूस. शेवटी दोन-दोन गोल झाले असताना त्याने माझ्या अंगठ्यावर बूट ठेवला, पूर्ण वजनाने. बापाचा अंगठा फुटला होता, मुलाचाही फुटला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अगा माय वं!"

चंद्रभान जागच्या जागी थिजला. चेंडू त्याच्या पायाशी होता. "अबे, हा तर आपल्यातला हाय!" असं म्हणून तो आपल्या गोलकीपरकडे वळला, हे सांगायला. तेवढ्यात मी चेंडू काढून घेतला आणि तिसरा गोल केला.

कप सक्करदऱ्याला आला. चंद्रभानने तक्रार केली नाही. संध्याकाळी पाय चोळत बसलो होतो तिथे तो आला आणि विचारलं, "तुमच्या नायजेरियात मायले माय वंच म्हणते का गा?" पुढे बदली होऊन तो नागपूरलाच आला, आणि आज माझ्या घरात माझ्यापेक्षा जास्त वेळ बसलेला असतो. तक्रार का केली नाहीस असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "हरलो ते हरलो. पण आपल्याच भाषेनं हरलो, हे कोणाले सांगू?"

आता फोटो. मंडळाच्या खोलीत दोन भिंती आहेत. एकीवर वर लिहिलं आहे "आपले खेळाडू", दुसरीवर "पाहुणे खेळाडू". पाहुण्यांत कोलकात्याचे, केरळचे, एक घानाचा, आणि मधोमध मी. हातात कप, खाली पट्टी, "जोजो, नायजेरिया". ज्या मैदानावर मी लहानाचा मोठा झालो, जिथे आज सगळ्या सक्करदऱ्याच्या मुली मला "सर" म्हणतात, तिथल्या भिंतीवर मी पाहुणा आहे. सुरुवातीला त्याची मला गंमत वाटायची. मग वाटेनाशी झाली. कोलकात्याहून सुट्टीला यायचो तेव्हा सांगायचो, गोव्याहून यायचो तेव्हा सांगायचो, काका, तो फोटो तिकडे लावा. ते म्हणायचे, लावू. घोडं तिथेच अडलेलं.

गेल्या महिन्यात मंडळाचा बक्षीस समारंभ झाला. रोशनीला उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस होतं. प्रमुख पाहुण्यांनी तिच्या गळ्यात मेडल घालताना विचारलं, "बेटा, तू कुठली?" ती म्हणाली, "इंदोऱ्याची." ते म्हणाले, "तसं नाही, मूळची कुठली?" पोरीने नमस्कार केला आणि ती खाली उतरली. घरी येऊन मेडल काढलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुमचा फोटो पाहुण्याईत काहून हाय?"

मी नेहमीची गोष्ट सांगितली, विमानाच्या तिकिटाची, सिटी बसची. ही गोष्ट ऐकून आजवर सगळे हसले आहेत. ती हसली नाही.

"म्हणजे मी पाहुण्याची पोरगी का?"

माझ्या बाबतीत जे झालं ते झालं, त्यातून मी गोल काढले, पैसे काढले, गोष्टी काढल्या. पण तीच पट्टी आता माझ्या मुलीच्या गळ्यात अडकली आहे आणि ती मी तशीच ठेवून मरणार असेन, तर मी बाप कसला? छातीत दुखायला लागलं ते त्याच आठवड्यात. डॉक्टर म्हणतात, झडप जुनीच खराब होती. ते त्यांचं मत आहे.

दुसऱ्या दिवशी मी मनोहररावांकडे गेलो. ते आता ऐंशीला टेकले आहेत. मुलगा दुकान पाहतो, ते गादीवर बसून असतात.

"काका, फोटो आता हलवाच."

"अरे, त्या गांधीबागवाल्याईच्या पोराईले काय सांगू? तुझं विमान कुठं उतरलं होतं?"

"खरं सांगा."

"या वयात? मंडळाचा तो एकच मोठा कप हाय, धम्मा. लोक म्हणतील बनवाबनवी करून आणला. मी मेलो का हलवजो."

"आन् मी आधी मेलो तर?"

त्यांनी तोंड फिरवलं आणि नोकराला चहा सांगितला. मी चहा न घेता उठलो. त्यांच्या घरून काही न खाता उठण्याची ती माझी पहिलीच वेळ.

कलम ७. माझं प्रशिक्षणाचं साहित्य, म्हणजे गोलपोस्टची दोन्ही जाळी, चेंडू, कोन, शिडी, शिट्टी, मुलींसाठी मी गोव्याहून मागवलेले शिनगार्ड, आणि सत्त्याण्णवच्या कपाचं माझं मेडल, हे सर्व अरुणोदय मंडळाच्या मुलींच्या संघाला, या अटीवर की माझा फोटो "आपले खेळाडू" या भिंतीवर लावला जाईल. न लावल्यास साहित्य इंदोऱ्यातल्या कोणत्याही दुसऱ्या मंडळाला द्यावं, आणि जाळी आधी काढावी.

ही अट मी रद्द करत आहे. वरची ओळ खोडली आहे ती मीच. बाजूला माझी सही आहे. कारण असं झालं की मी परत दाराशी गेलो होतो तेव्हा प्रेमिलाने कागद वाचला.

"हे काय लिहिलं तुम्ही? तुमच्या फोटोच्या हट्टापायी पोरींची जाळी काढता का? म्हणजे त्या पोरी गोल मारतील आन् चेंडू आणाले नाल्यापर्यंत जातील?"

"तसं नाई वं. दबाव पायजे थोडा."

"मेलेल्या माणसाच्या दबावाले कोण भेते? आन् रोशनी त्याच टीममध्ये हाय न. तिच्याच गोलची जाळी काढून तिले इज्जत देता का?"

गोलकीपर पुढे आला की त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकायचा, हे मी मुलींना शिकवतो. ही बाई माझ्या डोक्यावरून रोज टाकते. साहित्य विनाअट मंडळाला.

कलम ८. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा, भाषणं नकोत. माझी राख दोन देशांत वाटू नये, जिवंतपणी झाली ती वाटणी पुरे. मैदानावर मुलींचा सराव त्या दिवशी बंद ठेवू नये. कोणी माझ्याबद्दल बोलताना "आफ्रिकन वंशाचे" असं सुरू केलं तर चंद्रभानने खोकावं. तो खोकला दूरवर ऐकू जातो, खाणीतला आहे.

कलम ९. साक्षीदारांबद्दल. वकिलांनी मला समजावलं की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला या कागदातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. आणि साक्षीदाराने, सही करणाऱ्याला मी ओळखतो, हा अमुक ठिकाणचा अमुक आहे, असं आपल्या हाताने लिहून द्यावं, म्हणजे पुढे वाद होत नाही. हे ऐकून मी वकिलांच्या खुर्चीवरून उठलो आणि त्यांच्या ऑफिसात दोन फेऱ्या मारल्या. त्यांना वाटलं मला काही होतंय.

म्हणून मनोहरराव भुसारी यांना मी या मृत्युपत्रातून काहीही देत नाही. सुतळीचा तोडा नाही, फुटका चेंडू नाही, रागसुद्धा नाही. त्यांचं माझ्याकडून काही निघत असेल तर तेही त्यांना मिळणार नाही. मला ते साक्षीदार म्हणून हवे आहेत.

फोटो हलवा असं मी आता म्हणत नाही. मी एवढंच मागतो, जे कायदा कोणाही ओळखीच्या माणसाकडून मागतो: मी कोण आणि कुठला, हे त्यांनी एकदा लिहून द्यावं. मैदानात त्यांनी मला गप्प बसवलं होतं. आता मी गप्प बसतो, त्यांनी बोलावं. रोशनीला दाखवायला माझ्याकडे तेवढं असलं तरी पुरे. शनिवारी दुपारी हे कलम इथवर लिहून मी चंद्रभानला ते वाचून दाखवलं आणि त्याला मनोहररावांकडे पाठवलं. तो येऊन म्हणाला, "ऐकलं त्याईनं. हो नाई म्हटलं, ना नाई म्हटलं. रोशनीले उद्या सकाळी मंडळात पाठव म्हणाले, बस." कशाला ते सांगितलं नाही. रोशनी आज, रविवारी, सकाळी गेली, दुपारी आली, हाताला काळा रंग लागला होता. विचारलं तर "काई नाई" म्हणाली आणि आत गेली. आता संध्याकाळ झाली आहे. चंद्रभान समोर बसला आहे. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि प्रेमिला दारातून कोणाला तरी "हळू या काका" म्हणते आहे. मला उठायचं आहे पण हे सगळे मला उठू देत नाहीत.

येणेप्रमाणे मी हा कागद पूर्ण शुद्धीवर, पलंगावर बसून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करून पुरा करतो. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. सोमवारनंतर करावं लागलं तर आनंदच आहे.

ठिकाण: इंदोरा, नागपूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही: धम्मानंद जोसेफ ओटिएनो

साक्षीदार १:
मी चंद्रभान मडावी, सेवानिवृत्त, राहणार नागपूर. धम्मानंद यास १९९७ पासून ओळखतो. ओळख त्याच्या अंगठ्यावरून पटली. माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहे, फक्त स्वस्थ बसत नाही, ते आधीपासूनच आहे.
सही: चंद्रभान मडावी

साक्षीदार २:
मी मनोहरराव भुसारी, वय ७९, राहणार सक्करदरा, नागपूर. लिहून देतो की धम्मानंद जोसेफ ओटिएनो हा कुसुमताई सिस्टरचा मुलगा, जन्माने व राहणीने नागपूरचा. त्याला लहानपणापासून ओळखतो. आमच्या मंडळाचा खेळाडू आहे, पाहुणा कधीच नव्हता. नायजेरिया व जोजो ही माझी करणी. सत्त्याण्णवचा कप त्याने नागपूरकर म्हणूनच जिंकला व ते मी गांधीबागेत सांगणार आहे. आपल्या खेळाडूंच्या भिंतीवर जागा नव्हती, म्हणून आज सकाळी संस्थापक म्हणून लावलेला माझा फोटो उतरवला व त्याच खिळ्यावर याचा लावला. खालची पट्टी रोशनीने रंगवली, "धम्मानंद ओटिएनो, इंदोरा". माझा फोटो कुठे लावायचा ते धम्माने दवाखान्यातून परत येऊन सांगावे. तोवर तो पाहुण्यांत टांगला आहे.
सही: मनोहरराव भुसारी